थ्री-ए: दुधाच्या यंत्रांची मानकं ठरवणारी संस्था इतकी वर्षं टिकली आणि वाढली कशी? आपल्याकडे असं टेबल का नाही?

स्टीलवाला
नमस्कार मंडळी. मी पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत छोट्या फॅब्रिकेशन युनिटमध्ये आहे, चोवीस वर्षं झाली. डेअरीच्या टाक्या, पायपिंग, पंपांची कामं. मागच्या वर्षी अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाची चौकशी आली आणि भाव वगैरे राहिलं बाजूला, पहिलाच प्रश्न, "थ्री-ए सिंबॉल आहे का?" नाव ऐकून होतो, पण नीट वाचायला तेव्हाच बसलो आणि खरं सांगतो, त्यात अडकलोच.

गोष्ट थोडक्यात अशी. १९२० च्या दशकात अमेरिकेत दुधाची यंत्रं बनवणारे, ती वापरणारे डेअरीवाले आणि तपासणी करणारे सरकारी सॅनिटेरियन अशा तिघांच्या संघटना एकत्र बसल्या. तीन असोसिएशन म्हणून 'थ्री-ए'. तोवर प्रत्येक गावाचा इन्स्पेक्टर वेगळा आणि त्याचं म्हणणं वेगळं. एका शहरात पास झालेला पाइपचा जोड शेजारच्या शहरात नापास. बनवणाऱ्याला कळेना काय बनवू, डेअरीवाल्याला कळेना काय घेऊ. मग जोड, पंप, टाक्या असं एकेक यंत्र घेऊन एकच मानक लिहायचं ठरलं. १९५६ मध्ये त्यांनी सिंबॉल, म्हणजे यंत्र मानकाप्रमाणे असल्याचं चिन्ह, द्यायला वेगळी कौन्सिल काढली. २००२ मध्ये सगळं मिळून ना-नफा तत्त्वावरची स्वतंत्र संस्था झाली, कचेरी व्हर्जिनियातल्या मॅक्लीनला. २००३ पासून सिंबॉल हवा असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी सक्तीची.

माझा प्रश्न असा की हे तिघे म्हणजे एकमेकांचे जवळजवळ वैरी. बनवणारा आणि घेणारा भावावरून भांडतो, तपासणारा दोघांना नको असतो. तरी हे टेबल मोडलं नाही. कुणी सांभाळलं, कसं सांभाळलं? आणि जगात सगळ्यात जास्त दूध आपल्या देशात होतं, मग आपल्याकडे हे तिघे एकत्र का बसत नाहीत? जाणकारांनी लिहा, मला मनापासून समजून घ्यायचंय.

चहाबाज
शीर्षक मोठ्याने वाचलं तर लेक म्हणाली बाबा, रिमोटच्या सेलबद्दल आहे का? तिला सांगितलं, दुधाबद्दल आहे. तर म्हणे मग मला नको :) मी मात्र चहा घेऊन बसलोय, येऊ द्या.

काका_प्लांटवाले
स्टीलवाला, फार चांगला विषय काढलात. मी ३१ वर्षं दूध प्लांटमध्ये काढली, निम्मी मेंटेनन्सला आणि निम्मी प्रॉडक्शनला. जास्त सिद्धांत न सांगता एक अनुभव सांगतो, प्लांटचं नाव सांगत नाही.

उन्हाळ्यात आमचं पिशवीतलं दूध लवकर नासायला लागलं. रोज नाही, आठवड्यातून दोनतीनदा. पाश्चरायझरचं तापमान बरोबर, ७२ अंश, होल्डिंग १५ सेकंद, चार्ट बघितला तर रेघ सरळ. पॅकिंग मशीन खोलून धुतलं. धुण्यातलं कॉस्टिक वाढवलं, नायट्रिक ॲसिड वाढवलं, गरम पाण्याचा फेरा वाढवला. फरक शून्य. लॅबवाले म्हणणार मेंटेनन्सची चूक, आम्ही म्हणणार लॅबची. असे तीन आठवडे गेले, गिऱ्हाइकांच्या शिव्या वेगळ्या.

शेवटी एका पोराने कुठूनतरी बोअरस्कोप आणला. बोटाएवढा कॅमेरा, पाइपात घालायचा. पाश्चरायझरनंतरच्या लाइनवर एक टी, म्हणजे टी आकाराचा जोड, होती, कधीकाळी तिथे व्हॉल्व्ह बसवायचा बेत होता तो राहिला, मग तोंडाला झाकण लावून दिलेलं. वीतभर लांबीचा मुका तुकडा. आत कॅमेरा गेला आणि स्क्रीनवर पिवळट पांढरा थर दिसला, भिंतीला चुना धरतो तसा. त्याच्या मागे वेल्डिंगचा जोड, आतून काळा, खरखरीत. झाकण उघडलं तर जो वास आला तो आजही नाकात आहे. आंबट नाही हो, कुजकट. धुण्याचं पाणी मुख्य लाइनमधून जोरात जायचं, पण त्या वीतभर कोपऱ्यात नुसतं हलायचं, घासायचं नाही. रोज संध्याकाळी आम्ही दूध पाश्चराइज करायचो आणि पुढच्या चार फुटांवर स्वतःच्या हाताने परत विरजण लावायचो.

टी कापली, जोड नवीन केला, चौथ्या दिवशी तक्रारी बंद. तो तुकडा अख्खा एका माणसाने बनवला, दुसऱ्याने विकत घेतला, तिसऱ्याने पास केला. तिघांपैकी कुणाच्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं की मुका तुकडा केवढा चालतो. ते लिहून ठेवण्यासाठी तिघांनी एकत्र बसायचं, एवढंच ते थ्री-ए.

स्टीलवाला
काका, अंगावर काटा आला. ते काळं खरखरीत म्हणजे पाइपात आतून आर्गॉन न सोडता केलेलं टिग वेल्डिंग. बाहेरून जोड आरशासारखा चकचकीत दिसतो कारण बफिंग केलेलं असतं, आतून मात्र साखर धरलेली असते, आमचे वेल्डर तसंच म्हणतात. पाइपची दोन्ही तोंडं बंद करून आतून आर्गॉन सोडला तर जोड आतूनही स्वच्छ येतो, पण गॅसला पैसे लागतात आणि जोडामागे दहापंधरा मिनिटं जातात. गिऱ्हाईक आत कधी बघत नाही, मग कोण सोडतो?

थ्री-एमध्ये हे सगळं आकड्यात आहे. दूध लागतं तो पृष्ठभाग ३२ मायक्रोइंच, म्हणजे ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत. आतल्या कोपऱ्यांना गोलाई. दूध लागतं तिथे उघडे आटे नकोत. यंत्र थांबवलं की सगळं दूध आपोआप निथळलं पाहिजे. पंपाला वेगळं मानक, प्लेटवाल्या हीट एक्स्चेंजरला वेगळं, साठवण टाकीला वेगळं. वाचताना सारखं वाटत होतं की हे लिहिणाऱ्याने कधीतरी स्वतः झाकण उघडून तो वास घेतलेला आहे.

विस्कॉन्सिनकर
मी मूळचा सांगलीचा, गेली १७ वर्षं विस्कॉन्सिनमध्ये चीज प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनियर आहे. इथे गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'अमेरिकेची दूधभूमी' लिहिलेलं असतं, तेव्हा थ्री-ए हा रोजच्या बोलण्यातला शब्द.

दोन गोष्टी भर घालतो. पहिली, हे सगळं चांगुलपणातून सुरू झालं नाही, भीतीतून झालं. दुधातून टायफॉइड, घटसर्प, क्षय पसरायचा, लहान मुलं जायची. इथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कागदात आहे की १९३८ मध्ये दूषित अन्न आणि पाण्यातून येणाऱ्या साथींपैकी २५ टक्के साथी दुधातून आलेल्या होत्या. आज ते प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आहे. तपासनीसांची संघटना तर थ्री-एच्याही आधीची, १९११ मध्ये मिलवॉकीला स्थापन झाली, माझ्या घरापासून दीड तासावर. तीच आज मोठी होऊन अन्न सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संघटना झालीये.

दुसरी जास्त महत्त्वाची. १९२४ मध्ये इथल्या सरकारी आरोग्य खात्याने दुधाचा एक नमुना कायदा लिहिला, राज्यांनी तो आपापला स्वीकारायचा. आज त्याला पाश्चराइज्ड मिल्क ऑर्डिनन्स म्हणतात, आम्ही नुसतं पीएमओ. त्यात असं आहे की यंत्र थ्री-ए मानकाप्रमाणे असेल तर ते स्वच्छतेच्या नियमात बसतं असं धरलं जाईल. म्हणजे सरकारने स्वतः पंपाचं मानक लिहीत बसायच्या ऐवजी तिघांनी लिहिलेलं मान्य केलं. आणि लिहिताना सरकारी माणूस टेबलावर होताच, त्यामुळे नंतर त्याला हे मला माहीतच नव्हतं असं म्हणता येत नाही. संस्था वाढली त्याचं खरं कारण मला हेच वाटतं.

गोठेकर
सगळं छान आहे पण मला एक सांगा, या टेबलावर दूध घालणारा कुठे आहे? यंत्र बनवणारा आहे, डेअरी आहे, साहेब आहे. आमच्याकडे आठ म्हशी नि चार गायी, सकाळी साडेपाचला कँड घेऊन केंद्रावर. आमच्यासाठी मानक म्हणजे फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारा घन भाग. ३.५ आणि ८.५. पॉइंट खाली आला की पैसे कापले.

मागे एकदा एकाच कँडातलं दूध दोन बाटल्यांत घेतलं, एक आमच्या केंद्रावर, दुसरी चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रावर. एकीकडे एसएनएफ ८.५, दुसरीकडे ८.३. दूध तेच, गाय तीच, तास एकच. मशीन कधी तपासलं विचारलं तर म्हणे कंपनीचा माणूस येतो. कधी येतो? येतो. तेव्हा पाइपाच्या आतल्या गुळगुळीतपणाआधी आमच्या काट्याचं आणि मशीनचं बघा असं मला वाटतं. राग नाही, पण खरं ते बोललो.

मिहिका_क्यूए
गोठेकर दादा, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि त्यातला अर्धा भाग चक्क मानकाचाच घोळ आहे, तो सांगते. मी संघाच्या लॅबमध्ये होते, आता सल्लागार म्हणून काम करते. लॅक्टोमीटरची, म्हणजे दुधाची घनता मोजायच्या नळीची, डिग्री आणि फॅट यावरून एसएनएफ काढायचं सूत्र असतं ना, डिग्री भागिले चार, अधिक फॅटचा काही हिस्सा, अधिक एक ठरावीक आकडा. तो शेवटचा आकडा सगळीकडे एकच वापरत नाहीत! कुणी जुन्या पुस्तकातला घेतो, कुणी मशीनसोबत आलेला. शिवाय लॅक्टोमीटर कुठल्या तापमानाचा आहे हे बघितलं जात नाही. त्यामुळे दोन केंद्रांवर दोन दशांशाचा फरक कुणीही लबाडी न करता येऊ शकतो. लबाडी होत नाही असं मी म्हणत नाहीये, पण लबाडी ओळखायची तरी आधी सूत्र एक पाहिजे.

केंद्रावर मी एक युक्ती सांगायचे. पंधरवड्यातून एकदा सगळ्यांसमोर एकाच नमुन्याचं फॅट मशीनवर पण काढा आणि गर्बर पद्धतीने पण काढा. ब्युटायरोमीटरमध्ये सल्फ्युरिक ॲसिड, दूध, अमाइल अल्कोहोल, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की फॅटचा सोनेरी पट्टा वर येतो, आकडा डोळ्याने वाचता येतो. शंभर वर्षांहून जुनी पद्धत, पण शेतकरी स्वतः बघू शकतो. एका गावात पहिल्यांदा केलं तेव्हा म्हातारे आजोबा ती बाटली उजेडात धरून किती वेळ बघत होते.

विस्कॉन्सिनकर
गोठेकर, थोडी दुरुस्ती. तीन खुर्च्यांत शेतकऱ्याची वेगळी खुर्ची नाही हे खरं. पण मानकं गोठ्यापासून सुरू होतात. शेतावरच्या दूध थंड करायच्या टाकीला, म्हणजे तुमच्या बल्क कूलरला, वेगळं मानक आहे, आणि दूध काढायच्या यंत्रांच्या जोडणीसाठीही वेगळी नियमावली आहे. तरी खुर्ची पाहिजे हे तुमचं म्हणणं मला पटतं.

शंकासूर
सगळे कौतुक करतायत म्हणून उलटी बाजू मांडतो. असली संस्था म्हणजे मोठ्या कंपन्यांनी लहानांना बाहेर ठेवायची सोय नाही का? सिंबॉलची फी, तपासणीची फी, तज्ज्ञाचं विमानाचं भाडं. स्टीलवालांसारखे पाचपन्नास माणसांचे कारखाने हे कसं पेलणार? आणि लिहिणारे कोण, तर ज्यांना कंपनीच्या खर्चाने मीटिंगला जाता येतं ते. एकदा असं मानक झालं की 'स्वेच्छेने' हा शब्द नावापुरता राहतो, सिंबॉल नसेल तर माल उतरवूनच घेत नाहीत.

स्टीलवाला
शंकासूर, फीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो, रोज तोच हिशोब करतोय. पण वाचताना उलटंही सापडलं. २००३ च्या आधी बनवणारा स्वतःच लिहून द्यायचा की माझं यंत्र मानकाप्रमाणे आहे, आणि सिंबॉल मिळायचा. आता विचार करा, प्रामाणिक माणूस आर्गॉनचे पैसे घालतो, दुसरा नुसता कागद भरतो, सिंबॉल दोघांना सारखा. तोटा कुणाचा? प्रामाणिक छोट्याचा. नव्या संस्थेने आल्याआल्या पहिलं मोठं काम केलं ते हेच, की बाहेरचा प्रमाणित तज्ज्ञ प्रत्यक्ष कारखान्यात येऊन यंत्र बघणार, ड्रॉइंग बघणार, मालाची सर्टिफिकिटं बघणार, आणि मग दर पाच वर्षांनी परत. आपल्याच सभासदांवर, जे वर्गणी देतात त्यांच्यावर, असा नियम लावायला किती धमक लागली असेल! त्यात काही जण सिंबॉल सोडून गेले असते तर? तरी लावला. मला नेतृत्व दिसतं ते तिथे.

विस्कॉन्सिनकर
+१. आणि नेतृत्वाचं म्हणाल तर इथे कुणाला थ्री-एच्या एखाद्या थोर पुरुषाचं नाव विचारा, सांगता येणार नाही. टिम रघ हे बरीच वर्षं कार्यकारी संचालक होते, त्यांचं नाव आमच्या क्षेत्रात माहीत आहे, पण तेही भाषणं ठोकणारे म्हणून नाही. संस्थेच्या संस्थापक सभासदांत डेअरी उद्योगाची संघटना, यंत्रवाल्यांची संघटना, दूध पावडर आणि व्हे (चीजची निवळी) पावडरवाल्यांची संस्था, सॅनिटेरियनांची संघटना, आणि सोबत केंद्र सरकारची अन्न आणि कृषी खाती. कामाच्या गटात माणसं स्वतःच्या नोकऱ्या सांभाळून येतात. मी दोनदा बसलोय एका गटात. अडीच तास एका गॅस्केटच्या खाचेची खोली किती यावर चर्चा. एक सरकारी तपासनीस बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या, त्यांनी पिशवीतून एक जुनी रबरी रिंग काढून टेबलावर ठेवली, कडेला चिरा गेलेली, चिरेत काळं भरलेलं. म्हणाल्या, ही मी या महिन्यात काढली. पुढे चर्चा दहा मिनिटांत संपली.

चहाबाज
ती रिंग बघायला मिळाली पाहिजे होती. चहा गार झाला, दुसरा टाकतो.

आणंद_रिटर्न
उशिरा आलो. आपल्याकडे टेबल नाही असं म्हणताय त्याला थोडा विरोध आहे. आपलं टेबल वेगळ्या तऱ्हेने बनलं, ते बघितलंच पाहिजे.

आपल्याकडे दुधाचा विकास संघटनांच्या वाटाघाटीतून नाही, सहकारातून झाला. १९६५ मध्ये आणंदला एनडीडीबी, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, १९७० पासून ऑपरेशन फ्लड ही दूधवाढीची देशव्यापी योजना. एनडीडीबीच्या डॉ. कुरियन यांच्यासारखा माणूस एकाच वेळी यंत्र घेणारा, बनवायला लावणारा आणि दर्जा ठरवणारा होता. यंत्रं बाहेरून आणायची नाहीत म्हणून १९७८ मध्ये एनडीडीबीने डेअरी मशिनरीची स्वतःची कंपनी काढली, आयडीएमसी, तीही आणंदजवळच. म्हणजे तिघे एका छपराखाली. याचा फायदा मोठा झाला, वेग मिळाला. पण छपराबाहेरचे जे हजारो छोटे फॅब्रिकेटर आणि खासगी डेअऱ्या नंतर आल्या, त्यांच्यासाठी टेबल मांडायचं राहून गेलं, हे स्टीलवालांचं दुखणं खरं आहे.

कागदावर मानकं आहेतच. देशाची मानक संस्था आयएसआय १९४७ ची, आता तिचं नाव बीआयएस, त्यांच्याकडे दुग्धपदार्थ आणि डेअरी यंत्रांची समिती आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दुधासाठी एकत्रित चिन्हाची योजना आली, त्यात आयएसआय मार्क आणि एनडीडीबीचा कामधेनू असलेला क्वालिटी मार्क एकाच चिन्हात आणले. पण ते चिन्ह दुधाला आणि प्लांटला, तुमच्या पाइपच्या जोडाला नाही.

आणि जगाचं टेबल म्हणाल तर आयडीएफ, इंटरनॅशनल डेअरी फेडरेशन, १९०३ मध्ये ब्रसेल्सला सुरू झालेली. तिची वाढ अजून वेगळी, प्रत्येक देशाची राष्ट्रीय समिती सभासद. दुधातलं फॅट कसं मोजायचं याची मानकं ती आयएसओबरोबर मिळून काढते. जागतिक परिषद आपल्याकडे १९७४ मध्ये दिल्लीला झाली आणि मग थेट २०२२ मध्ये ग्रेटर नोएडाला. ४८ वर्षं मध्ये गेली.

वरळीची_मावशी
तुमच्या धाग्यात आगंतुक घुसते, पण दुधाच्या मानकाचा विषय निघाला आणि मुंबईचं नाव नाही म्हणजे काय! टोन्ड दूध हे मुंबईचं. दारा खुरोडी, मुंबईच्या दूध योजनेचे, त्यांनी १९४६ मध्ये म्हशीच्या दाट दुधात स्किम पावडर आणि पाणी घालून गरिबाला परवडेल असं दूध काढलं. फॅट ३, एसएनएफ ८.५. पाणी घातलेलं दूध म्हटलं की लोक नाक मुरडणार, पण किती घातलं, काय घातलं हे उघड सांगून, मोजून घातलं म्हणून ते भेसळ नाही तर प्रमाणित दूध झालं. खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळून मिळाला होता.

लहानपणी आरेच्या केंद्रावर पहाटे कार्ड घेऊन रांगेत उभी राहायचे. काचेच्या जड बाटल्या, वर पातळ पत्र्याचं झाकण, झाकणाच्या रंगावरून दूध ओळखायचं. आईला वाचता येत नव्हतं, पण झाकण बघून ती बरोबर बाटली आणायची. माझ्यासाठी मानक म्हणजे ते झाकण.

मिहिका_क्यूए
मावशी, किती सुंदर लिहिलंत. न वाचता येणाऱ्या बाईला फसवता येऊ नये, हे कुठल्याच समितीने यापेक्षा बरं सांगितलं नसेल.

आणि भेसळीवरून आठवलं, लोकांच्या डोक्यात दूध म्हणजे युरिया आणि डिटर्जंट. अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेने, एफएसएसएआयने, २०१८ मध्ये देशभरातल्या ११०३ शहरांतून ६४३२ नमुने घेतले, त्यात आरोग्याला घातक भेसळ १२ नमुन्यांत निघाली. पण अफ्लाटॉक्सिन एम-१ नावाचं विष मर्यादेपेक्षा जास्त होतं ५.७ टक्के नमुन्यांत. ते कुठून येतं, तर बुरशी लागलेल्या पेंडीतून, चाऱ्यातून. म्हणजे परत गोठ्यातच. टेबलावर शेतकरी आणि पशुखाद्यवाला नसेल तर हा प्रश्न टेबलावर येणारच नाही. म्हणून मी गोठेकर दादांच्या बाजूने.

गोठेकर
ताई, सूत्राचं आज पहिल्यांदा कळलं. केंद्रावर विचारतो कुठला आकडा घालतात ते. आणि पेंडीचं म्हणाल तर पावसाळ्यात पोत्याला खालून ओल लागते हे सगळ्यांना दिसतं, पण टाकून द्यायची कुणाची ऐपत? खाली फळ्या टाकून पोती वर ठेवायची एवढं तरी होऊ शकतं. मी उद्याच करतो.

शंकासूर
माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. २००३ च्या नियमाचं पटलं. अर्धा अजून शिल्लक आहे, छोट्याला परवडायचा. युरोपात १९८९ पासून ईएचईडीजी म्हणून अशीच संघटना आहे, तिथेही तपासणीचा खर्च असतोच. आपल्याकडे सुरू करायचं तर पहिल्या दिवशी सिंबॉल आणि फी नको. आधी नुसतं बसा.

काका_प्लांटवाले
शंकासूर लाखातलं बोललात. स्टीलवाला, तुमचा मूळ प्रश्न मागे राहिला, त्यावर परत येतो.

अमेरिकेतसुद्धा त्यांनी जगाची मानकं एका दमात लिहिली नाहीत, जोडापासून सुरुवात केली. आपणही जोडच घेऊ. आपल्या प्लांटांमध्ये काय आहे? आपल्या यंत्रांचा वारसा स्कँडिनेव्हियन. लार्सन आणि टुब्रो हे दोघे डेन्मार्कचे इंजिनियर, १९३८ मध्ये मुंबईत सुरुवात केली तीच मुळात डॅनिश डेअरी यंत्रांची एजन्सी घेऊन, महायुद्धात माल यायचा बंद झाला तेव्हा इथे छोटं वर्कशॉप काढलं. त्या काळापासून युरोपातले जोड आपल्याकडे रुजले. स्वीडनचे एसएमएस युनियन, म्हणजे नटाने आवळायचे जोड, मग जर्मन डीआयएन आले, आता निर्यातीमुळे पकडीने आवळायचे ट्राय-क्लॅम्प. एकाच लाइनवर तीन जातीचे जोड मी स्वतः बघितलेत. रात्रपाळीत रिंग फाटली की स्टोअरमधून हाताला येईल ती रिंग बसते, नट आवळला की गळत नाही, म्हणजे बरोबर. गळत नाही खरं, पण आत केसभर फट राहते आणि दूध तिथे मुक्काम करतं.

यावर दोन पानं लिहायची. कुठल्या युनियनला कुठली रिंग, रंग कुठला, किती दिवसांनी बदलायची. मराठीत, चित्रासकट, स्टोअरच्या भिंतीवर लावता येईल असं. लिहायला एक बनवणारा, एक प्लांटवाला, एक तपासणीतला माणूस. आणि गोठेकरांनी आमच्यासोबत बसायचं, कारण केंद्रावरच्या बल्क कूलरच्या व्हॉल्व्हला पण हीच रिंग असते आणि ती तर कुणीच बदलत नाही.

गोठेकर
काका बरोबर. आमच्या कूलरची रिंग बसवल्यापासून तीच आहे, चार वर्षं. येतो मी.

मिहिका_क्यूए
मी येते. तपासणीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना विचारते, त्यांना हा विषय जिव्हाळ्याचा आहे, नाही म्हणणार नाहीत. विस्कॉन्सिनकर, तुमच्या गटात मतभेद झाला की लिहून कसं ठेवतात ते जरा कळवाल का?

विस्कॉन्सिनकर
नक्की. पद्धत साधी आहे, विरोध करणाऱ्याने नुसतं 'नाही' म्हणायचं नाही, त्या जागी कुठला मजकूर हवा तो स्वतः लिहून द्यायचा, आणि बाकीच्यांनी त्याला लेखी उत्तर द्यायचं. तिन्ही गटांना वजन सारखं. वेळ लागतो, पण नंतर कुणी उठून जात नाही. तुम्ही बसाल तेव्हा मला व्हिडिओवर घ्या, इथे पहाट असली तरी उठतो.

स्टीलवाला
मंडळी, काय बोलू. उत्तरं मिळतील वाटलं होतं, माणसं मिळाली. पुढच्या शनिवारी दुपारी तीनला आमच्या वर्कशॉपमध्ये. मालकांना विचारलंय, हो म्हणालेत, चहाची सोय आहे. एक एसएमएस, एक डीआयएन आणि एक ट्राय-क्लॅम्प असे तीन जोड उभे कापून ठेवतो, आतली रिंग कशी बसते ते सगळ्यांना डोळ्याने दिसेल. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला पण आज मेल टाकली, सिंबॉल नाही, पण जोडांचे आतले फोटो पाठवू का म्हणून विचारलंय.

काका_प्लांटवाले
जोड कापताना ग्राइंडर नको, पट्टीची करवत वापरा, नाहीतर कड जळेल आणि फट दिसणार नाही. आणि माझ्याकडे माळ्यावर एक बिस्किटांचा डबा आहे, नोकरीत असताना काढलेल्या फाटक्या रिंगा त्यात टाकत गेलो होतो, प्रत्येकीला तारीख बांधलेली. घेऊन येतो.